वर्गणी भरलेल्या वर्षांचं काय झालं?

मागच्या पावसाळ्यात एक संशोधक विद्यार्थिनी लॅपटॉप उघडाच हातात धरून ग्रंथालयातल्या माझ्या टेबलाशी आली. "सर, २००८चा पेपर आहे. हे जर्नल आपल्याकडे येत होतं असं मॅडम म्हणाल्या, पण उघडत नाहीये." स्क्रीनवर लेखाचा सारांश होता, बाजूला छोटंसं कुलूप आणि त्याखाली त्या एका लेखाची डॉलरमधली किंमत. जर्नल येत होतं यात शंकाच नव्हती. त्याची ऑर्डर मीच टाइप केली होती. स्टीलच्या कपाटातून त्या वर्षाची फाइल काढली. इन्व्हॉइस होतं, त्यावर लेखा विभागाचा जांभळा शिक्का होता, जर्नलचं नाव आणि वर्षही होतं. मधल्या काळात मात्र ते जर्नल एका प्रकाशकाकडून दुसऱ्याकडे गेलं होतं. ज्या एजंटमार्फत पैसे भरले त्याने धंदा गुंडाळला होता. आणि ज्या पॅकेजमधून ते येत होतं ते पॅकेज परवडेना म्हणून आम्ही सोडलं होतं. नव्या प्रकाशकाला मेल केला, त्यांनी पुरावा मागितला, इन्व्हॉइस स्कॅन करून पाठवलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं : या वर्षांचे हक्क तुमच्या संस्थेच्या नावावर आमच्याकडे दिसत नाहीत.

छापील जर्नल येत असे तेव्हा असं उत्तर द्यायला कुणाला जागाच नव्हती. टपालाने अंक आला की कार्डेक्सच्या कार्डावर तारीख पडायची. अंक चुकला तर एजंटला क्लेम जायचा, तरीही आला नाही तर पुन्हा जायचा. वर्ष संपलं की सुटे अंक मोजून बाइंडरकडे द्यायचे. काळ्या नाहीतर मरून रेक्झिनची बांधणी व्हायची, पाठीवर सोनेरी अक्षरांत नाव, खंड, वर्ष. दाखल नोंदवहीत क्रमांक पडला की तो खंड संस्थेचा झाला. पुढे वर्गणी बंद केली, प्रकाशक बुडाला, रुपया घसरला, तरी १९७४चा खंड आपल्या फडताळावरच असायचा. वाळवी आणि गळकं छत, हे दोन शत्रू. आणि दोन्हींचा बंदोबस्त आपल्याच हातात.

इलेक्ट्रॉनिक वर्गणीत संस्थेच्या हाती वस्तू येत नाही, परवानगी येते. मुंबईकरांना पागडीची खोली सांगितली की हे चटकन कळतं. रक्कम भरलेली असते, वर्षानुवर्षं आपण तिथे राहत असतो, पण मालक बदलला की नवा मालक भाडेपावत्या मागतो. पावत्या ज्याने जपल्या तो तगतो.

या बदलाची सुरुवात जुन्या अंकांना वाचवण्याच्या धडपडीतूनच झाली. १९९३मध्ये अमेरिकेतल्या डेनिसन विद्यापीठाच्या विश्वस्त मंडळावर विल्यम बोवेन होते. ग्रंथालयात फडताळांना जागा उरली नव्हती, नवी इमारत बांधायची तर खर्च अफाट. बोवेन हे मेलन फाउंडेशनचे अध्यक्ष. त्यांना वाटलं, तेच जुने खंड हजार ग्रंथालयांनी हजार ठिकाणी का साठवावेत? एकदा नीट स्कॅन करावेत आणि सगळ्यांनी वाचावेत. त्यातून १९९५मध्ये जेस्टोर ही स्वतंत्र संस्था उभी राहिली. तिथे 'सरकती भिंत' असते, म्हणजे बहुतेक जर्नलांचे शेवटच्या तीन ते पाच वर्षांचे अंक प्रकाशकाकडे आणि त्याआधीचे जेस्टोरवर. आपल्या भांडारकर संस्थेचे 'ॲनल्स', मुंबईच्या 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'चे जुने अंक आज जगभरचे अभ्यासक तिथेच वाचतात. व्यवस्था चांगली आहे, मी तिचा ऋणी आहे. पण तिच्या भरवशावर असंख्य ग्रंथालयांनी आपले छापील खंड काढून टाकले, आणि वाचण्याचा हक्क वार्षिक शुल्काला बांधला गेला, हेही त्याच गोष्टीत येतं.

त्याच दशकात मोठ्या प्रकाशकांनी वेगळा मार्ग काढला. एल्सेव्हियरचं सायन्सडायरेक्ट १९९७मध्ये आलं. एकेक जर्नल निवडून घेण्याऐवजी सगळा संच घ्या, थोडे जास्त पैसे भरा आणि कितीतरी जास्त नावं मिळवा, असा तो सौदा. विस्कॉन्सिन विद्यापीठाचे ग्रंथपाल केनेथ फ्रेझर यांनी २००१मध्ये याला 'बिग डील' म्हटलं आणि यातून बाहेर पडणं अवघड जाईल असा इशारा दिला. त्यांचं म्हणणं खरं ठरलं. माझ्या मते त्यातली खरी मेख मात्र जुन्या अंकांत होती. संचातली नावं साधारण दोन प्रकारची असायची. काही नावं संस्थेने पूर्वीपासून घेतलेली, म्हणजे 'वर्गणीची'. बाकीची शेकडो नावं 'जोडीला' मिळालेली. करार संपला की वर्गणीच्या नावांची पैसे भरलेली वर्षं बहुधा आपल्याकडे राहतात, जोडीची नावं त्याच दिवशी जातात. वाचकाला हा फरक कधीच दिसत नाही. दहा वर्षं तो दोन्ही सारख्याच सहजतेने उघडत आलेला असतो. इन्व्हॉइसवर नाव असूनही माझ्या विद्यार्थिनीचं जर्नल दुसऱ्या प्रकारातलं होतं, हे करार पुन्हा वाचताना कळलं. सही करताना ते परिशिष्ट आमच्यापैकी कुणीच शेवटपर्यंत वाचलं नव्हतं.

त्याहून मागे जायचं तर आणखी एक रेघ आहे. एल्सेव्हियरची नेहमीची वर्गणी साधारण १९९५पर्यंत मागे जाते. त्याआधीचे अंक, 'लॅन्सेट'चे तर थेट १८२३पासूनचे, वेगळा संग्रह म्हणून वेगळ्या किमतीला मिळतात. स्प्रिंगरची रेघ १९९६ची आहे. ज्या ग्रंथालयाने साठ-सत्तरच्या दशकात तीच जर्नलं परकीय चलनाची परवानगी काढून मागवली, बांधून घेतली आणि पुढे जागेअभावी रद्दीत दिली, त्याला आता तीच पानं दुसऱ्यांदा विकत घ्यावी लागतात. घेणारे थोडे. बाकीच्यांच्या वाचकांसाठी शास्त्र जणू १९९५मध्ये सुरू होतं.

याने काय बिघडतं, असं विचारणारे प्राध्यापकही मला भेटलेत. पाच वर्षांपूर्वीचं कोण वाचतं, असं ते म्हणतात. त्यांना मी २००१ची जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातली घटना सांगतो. दम्यावरच्या एका प्रयोगात २४ वर्षांच्या निरोगी स्वयंसेविकेला हेक्सामेथोनियम हे औषध श्वासावाटे दिलं. तिची फुप्फुसं निकामी झाली आणि ती गेली. या औषधाचा फुप्फुसांना अपाय होतो अशी निरीक्षणं १९५०च्या दशकातल्या जर्नलांत छापलेली होती. संशोधकांनी शोध घेतला तो मुख्यतः पबमेड या वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीत, आणि पबमेडचा साठा तेव्हा १९६६पर्यंतच मागे जात होता. ते अंक नष्ट झालेले नव्हते, कुठल्या ना कुठल्या फडताळावर होतेच. फक्त शोधणाऱ्याच्या खिडकीतून ते दिसत नव्हते. वनस्पतिशास्त्र, गणित, इतिहास, भाषाशास्त्र या विषयांत तर जुना अंक म्हणजेच विषय. सह्याद्रीतल्या एखाद्या पालीचं किंवा गवताचं पहिलं वर्णन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलात सापडतं, ते जर्नल १८८६पासूनचं. त्याचे जुने खंड बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीवर कुणालाही मोफत वाचता येतात म्हणून कोल्हापूरच्या किंवा सावंतवाडीच्या अभ्यासकाचं काम अडत नाही.

अंक हातचे जाण्याचे रस्ते अनेक आहेत, आणि बहुतेकांत कुणाचा दुष्ट हेतू नसतो. जर्नल बहुतेक वेळा एखाद्या विद्वत्सभेच्या मालकीचं असतं. सभा प्रकाशक बदलते. जुन्या प्रकाशकाने ग्राहकांची यादी नव्याला नीट दिली तर ठीक, नाहीतर हक्क वाटेतच गळतात. ब्रिटनमध्ये यासाठी 'ट्रान्सफर' नावाची आचारसंहिता बनली, पुढे अमेरिकेतल्या मानक संस्थेने तिला शिफारशीचं रूप दिलं, पण ती पाळणं ऐच्छिक आहे. कधी प्रकाशकच प्रकाशकाला विकत घेतो. वायलीने २००७मध्ये ब्लॅकवेल घेतलं, आणि तिथली जर्नलं पुढच्या काही वर्षांत एका संकेतस्थळावरून दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर गेली. प्रत्येक स्थलांतरात आयपी क्रमांक, ग्राहक क्रमांक, वर्षांच्या नोंदी नव्याने भरल्या जातात, आणि दर वेळी काहीतरी सुटतं. जर्नलाचं नाव बदललं की नव्या नावाचे अंक उघडतात, जुन्या नावाचे नाही. एजंट बुडतात : नेदरलँड्सची शतकभर जुनी स्वेट्स २०१४मध्ये दिवाळखोरीत निघाली. संकलित डेटाबेसमधून प्रकाशक आपली जर्नलं काढून घेतात, तेव्हा नवे आणि जुने सगळे अंक एकदम जातात, कारण तिथे ग्रंथालयाने मुळात काही घेतलेलंच नसतं. आणि यातलं काहीच ग्रंथपालाला कळवलं जातं असं नाही. कार्डेक्सवर रिकामा चौकोन दिसायचा. इथे कुणी वाचक येऊन सांगेपर्यंत भोक पडलेलं कळत नाही.

जुन्या अंकांवर पक्का हक्क असला की ग्रंथालयाची मान किती ताठ राहते, हे कॅलिफोर्निया विद्यापीठाने दाखवलं. फेब्रुवारी २०१९मध्ये त्यांनी एल्सेव्हियरशी बोलणी थांबवली, जुलैत नव्या लेखांचा प्रवेश बंद झाला. पण २०१८पर्यंतच्या बऱ्याचशा अंकांचे कायमचे हक्क त्यांनी आधीच करारात लिहून घेतले होते. प्राध्यापकांचं रोजचं काम बरंचसं त्यावर चाललं आणि विद्यापीठ पावणेदोन वर्षं थांबू शकलं. मार्च २०२१मध्ये जो करार झाला तो बऱ्याच अंशी त्यांच्या अटींवर. जर्मनीतल्या सुमारे २०० संस्थांनीही २०१८च्या जुलैपासून असंच तग धरलं. ज्याच्या हाती मागचं काहीच नाही त्याला ३१ डिसेंबरच्या आत सही करावीच लागते. जुने अंक हा आठवणींचा कप्पा आहे असं समजणाऱ्या प्रशासनाला मी हे मुद्दाम सांगतो : किमतीची बोलणी तिथेच जिंकली किंवा हरली जातात.

हक्क आहे, पण प्रकाशकच उरला नाही तर? त्यावर काम करणाऱ्या लोकांबद्दल मला फार आदर आहे. स्टॅनफर्डमध्ये १९९९च्या सुमारास ग्रंथपाल व्हिकी राइश आणि संगणकतज्ज्ञ डेव्हिड रोझेन्थाल यांनी 'लॉक्स' ही पद्धत उभी केली. पुष्कळ प्रती असल्या की वस्तू टिकते, या विचारावरून तिचं नाव पडलं. प्रत्येक ग्रंथालयात एक साधा संगणक, त्यावर त्या ग्रंथालयाने घेतलेल्या जर्नलांची स्वतःची प्रत. हे संगणक आपापसांत प्रती ताडून पाहतात. एकीत बिघाड आढळला की इतरांवरून ती दुरुस्त होते. पोथ्यांच्या अनेक प्रती ताडून पाठ ठरवणाऱ्या आपल्या संशोधकांना हे ओळखीचं वाटेल. २००२मध्ये नेदरलँड्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने एल्सेव्हियरच्या जर्नलांचं डिजिटल जतन स्वीकारलं, २००५मध्ये पोर्टिको हा जतन-संग्रह आला, २००६मध्ये प्रकाशक आणि ग्रंथालयं मिळून चालवतात ते क्लॉक्स. सेज प्रकाशनाचं अवयव-रोपणावरचं 'ग्राफ्ट' हे जर्नल बंद पडलं, कुठेच विकत मिळेना, तेव्हा या संग्रहांच्या बंद पेट्या पहिल्यांदा उघडल्या गेल्या. क्लॉक्समधून ते आज कुणालाही वाचता येतं.

पण जतन आणि प्रवेश यांची गल्लत होऊ देता कामा नये. जर्नल पोर्टिकोत आहे, म्हणजे ते आपल्या वाचकाला उघडेल असं नाही. पेटी उघडते ती सहसा प्रकाशक मागे हटल्यावर. आपण पॅकेज सोडलं, ही त्यांच्या लेखी आपत्ती नसते. काही प्रकाशक तशी सोय देतात, काही देत नाहीत. करारात लिहिलेलं असेल ते खरं. आणि जतनही वाटतं तितकं झालेलं नाही. बर्कबेकच्या मार्टिन पॉल ईव्ह यांनी २०२४मध्ये सुमारे ७४ लाख लेखांचे डीओआय, म्हणजे डिजिटल ओळखक्रमांक, तपासले. त्यातले २० लाखांहून अधिक, म्हणजे जवळपास २८ टक्के, कुठल्याही मोठ्या जतन-संग्रहात सापडले नाहीत. त्याआधी लाक्सो, मॅथियस आणि यान या तिघांनी मोजलं होतं की २००० ते २०१९ या काळात मुक्त प्रवेशाची १७४ जर्नलं इंटरनेटवरून पुरती नाहीशी झाली. त्यांत विद्यापीठांनी आणि विद्वत्सभांनी चालवलेली जर्नलं पुष्कळ होती. हे वाचताना मला आपल्याकडची महाविद्यालयीन त्रैमासिकं आठवली. संपादक निवृत्त होतात, डोमेनचं नूतनीकरण राहून जातं, आणि पंधरा वर्षांचे लेख एका सकाळी नसतात. 'मोफत' शब्दाने टिकाऊपणा येत नाही.

आता आपल्या घरचं. विद्यापीठ अनुदान आयोगाचं इन्फोनेट आणि आयआयटी दिल्लीतून चालणारं इन्डेस्ट या जर्नलांच्या सामूहिक वर्गणीच्या दोन योजना २००३च्या आसपासच्या. लहान महाविद्यालयांसाठी पुढे एन-लिस्ट आलं, आणि २०१५च्या अखेरीस या तिघांना एकत्र करून गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटमध्ये ई-शोधसिंधू झालं. त्याच्या उद्दिष्टांत जर्नलं, जुने संग्रह आणि पुस्तकं कायमस्वरूपी प्रवेशाच्या तत्त्वावर उभी करणं हे स्पष्ट शब्दांत लिहिलेलं होतं. मग २५ नोव्हेंबर २०२४ला मंत्रिमंडळाने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'ला मंजुरी दिली : २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० जर्नलं, ६,३००हून अधिक शासकीय संस्था. गडचिरोलीच्या विद्यापीठातल्या मुलाला आयआयटी मुंबईच्या मुलाइतकंच वाचायला मिळावं, ही कल्पनाच मोठी आहे आणि मी तिच्या बाजूने आहे. शासकीय नसलेली, विनाअनुदानित महाविद्यालयं बाहेर राहिली याचं दुःखही आहे.

माझी काळजी २०२८च्या १ जानेवारीची आहे. या तीन वर्षांत ज्या अंकांचे पैसे देशाने भरले, ते अंक नूतनीकरण झालं नाही तरी वाचता येतील, हे करारातल्या कलमावर ठरणार. ते कलम जाहीर व्हावं, प्रत्येक संस्थेच्या ग्रंथपालाकडे त्याची प्रत असावी. कारण आता एक नवीच अडचण आहे : पैसे केंद्र भरतं, सही केंद्रात होते, त्यामुळे महाविद्यालयाच्या कपाटात इन्व्हॉइससुद्धा नसतं. माझ्यासारख्याने निदान जांभळा शिक्का दाखवला. पुढचा ग्रंथपाल काय दाखवील? ६,००० कोटींच्या सौद्यात देशाच्या भूमीवर एक पूर्ण प्रत मागून घेणं अशक्य नव्हतं आणि पुढच्या फेरीतही नाही. लॉक्सची पद्धत पंचवीस वर्षं चालून सिद्ध झालेली आहे. इन्फ्लिबनेट आणि चार-सहा मोठी विद्यापीठं मिळून ती चालवू शकतात.

कायद्याची बाजूही पाहावी लागते. 'डिलिव्हरी ऑफ बुक्स' म्हणून ओळखला जाणारा १९५४चा कायदा प्रकाशकांना छापील प्रती ठरलेल्या ग्रंथालयांना द्यायला लावतो. त्यातलं एक मुंबईच्या टाउन हॉलमधलं मध्यवर्ती ग्रंथालय. इलेक्ट्रॉनिक जर्नल त्यात येत नाही. ब्रिटनने २०१३मध्ये ती तरतूद केली. आणि आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२च्या दुरुस्तीने एक मोलाचं कलम आलंय : ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी एखादी कृती इलेक्ट्रॉनिक रूपात साठवता येते, पण तिची अ-डिजिटल प्रत त्याच्याकडे आधीपासून असेल तरच. म्हणजे बांधीव खंड रद्दीत गेला की त्याचबरोबर तो स्कॅन करून ठेवण्याचा हा आधारही जातो.

आणि खंड रद्दीत जाताहेत. तपासणी समितीच्या आधी वाचनकक्षाला 'नॉलेज रिसोर्स सेंटर'ची पाटी लागते, संगणकांना जागा हवी असते, मग निर्लेखनाचा ठराव होतो आणि किलोच्या भावाने टेंपो भरतो. जागेची अडचण मी नाकारत नाही, मीही असे ठराव लिहिलेत. पण काढायचेच तर आधी विचारून काढावेत. ब्रिटनने २००७मध्ये इंपीरियल कॉलेज आणि ब्रिटिश लायब्ररीच्या पुढाकाराने तेच केलं : कुठल्याही ग्रंथालयाने जुनं जर्नल काढण्याआधी देशात त्याच्या किमान तीन प्रती उरतात का हे पाहायचं, उरत नसतील तर ते ठेवायचं. सुमारे शंभर किलोमीटर फडताळं मोकळी करण्याचं त्यांचं लक्ष्य होतं, आणि शेवटची प्रत कुणी टाकायची नाही ही अट. एकट्या पुण्यात जयकर ग्रंथालय, गोखले संस्थेचं गाडगीळ ग्रंथालय, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, भांडारकर, डेक्कन कॉलेज ही सगळी काही मैलांच्या अंतरात आहेत. त्यांची बांधीव खंडांची एक सामाईक यादी आणि 'शेवटची प्रत कुणाकडे' एवढा एक रकाना, यासाठी फार मोठा निधी लागणार नाही.

विद्यार्थिनीला तिचा लेख मिळाला तो अशाच एका फडताळावरून. त्या संस्थेने २००८मध्येही छापील अंक बंद केले नव्हते. तिथल्या सहायकाने खंड काढून दहा पानं स्कॅन केली आणि त्याच संध्याकाळी पाठवली. बांधणी घट्ट होती, त्यामुळे चौथ्या पानावर आतल्या कडेच्या तक्त्यातले तीन आकडे शिलाईत गेले होते. तिने अंदाजाने ते भरले नाहीत. दुसऱ्या दिवशी माझ्याच टेबलावरून फोन लावला, आणि पलीकडे खंड पुन्हा उघडून, पान दाबून धरून, त्या माणसाने तिला एकेक आकडा वाचून दाखवला.